वाचक विचारतात : व्हॅन गॉग बायकांना एवढा का आवडतो?

मागच्या अंकात आपण एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रकाराचं, व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं, बदामाच्या फुललेल्या फांद्यांचं चित्र छापलं होतं. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, बहुतेक बायकांचे. त्यातले चार प्रश्न या वेळी घेतेय.

प्रश्न : ताई, त्या चित्रावरून आमच्या घरात वाद झाला. बायकोने ते पान कापून फ्रिजवर लावलं आणि मुलीच्या मोबाईलच्या कव्हरवर तर आधीपासूनच त्याची ती गरगरणाऱ्या ताऱ्यांची रात्र आहे. २०२३ ला मुंबईत त्याच्या चित्रांचा भिंतभर प्रोजेक्शनवाला शो झाला होता तेव्हा दोघी मला घेऊन गेल्या, तिथेही जिकडेतिकडे पोरी आणि बायकाच, कुणाच्या साडीवर तारे, कुणाच्या पिशवीवर सूर्यफुलं. या माणसाला जिवंतपणी बायको मिळाली नाही आणि आता बायकाच त्याच्या मागे! मला वाटतं यात चित्रकला कमी आणि दुःखी माणसाची स्टोरी जास्त, बायका इमोशनल होतात म्हणून चालतं. तुमचं मत सांगा. — एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, तुम्ही आज जे म्हणताय ना, जवळपास तेच सव्वाशे वर्षांपूर्वी एका डच चित्रकाराने व्हिन्सेंटच्या भावजयीबद्दल लिहून ठेवलंय. रिचर्ड रोलंड होल्स्ट त्याचं नाव. बाई चांगली आहे पण ज्यातलं काही कळत नाही त्यावर भारावून बोलत सुटते, शाळकरी मुलीसारखी बडबड करते, अशा अर्थाचं ते पत्र आहे. आणि पुढे काय झालं बघा, त्याच रोलंड होल्स्टने डिसेंबर १८९२ मध्ये ॲम्स्टरडॅमला व्हिन्सेंटच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि त्याच्या कॅटलॉगसाठी मान टाकलेल्या सूर्यफुलाचं मुखपृष्ठही स्वतः केलं. चित्रं मात्र त्या "बडबड" करणाऱ्या बाईने जपून ठेवलेली होती म्हणून भिंतीवर लागली, हे विसरू नका.

ती बाई म्हणजे योहाना, सगळे यो म्हणायचे. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होणार नाही, कारण व्हिन्सेंट आवडणाऱ्या बायकांची रांग तिच्यापासूनच सुरू होते. इंग्रजी शिकवणारी मुलगी, एप्रिल १८८९ मध्ये व्हिन्सेंटच्या धाकट्या भावाशी, थिओशी लग्न करून पॅरिसला आली. त्या फ्लॅटमध्ये जेवायच्या खोलीत बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते काळपट चित्र टांगलेलं, आणि पलंगाखाली, सोफ्याखाली, कपाटाखाली फ्रेम न केलेल्या कॅनव्हासचे ढीग. म्हणजे तिचा संसारच त्या चित्रांच्या मधोमध मांडला गेला. ३१ जानेवारी १८९० ला मुलगा झाला, त्याचं नाव काकावरून व्हिन्सेंट ठेवलं, आणि तुमच्या बायकोने फ्रिजवर लावलंय ते बदामाचं चित्र काकाने या बाळासाठीच काढलं, तेही फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना. त्याच वर्षी २९ जुलैला व्हिन्सेंट गेला, पुढच्या जानेवारीत थिओ गेला. यो तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, कडेवर वर्षाचं पोर, आणि वारसा म्हणून शेकडो चित्रं ज्यांना बाजारात जवळपास किंमत नव्हती.

ती हॉलंडला परत आली, बुसुम नावाच्या गावात बोर्डिंग हाऊस काढलं, म्हणजे लोकांना राहायला-जेवायला ठेवायचं आणि त्यावर घर चालवायचं, वर भाषांतरं करायची, आणि घरभर भिंतींवर व्हिन्सेंट. डायरीत तिने लिहिलंय की थिओने मुलाशिवाय आणखी एक काम माझ्यावर सोपवून ठेवलंय, व्हिन्सेंटचं काम लोकांना दाखवायचं आणि त्याची कदर होईल हे बघायचं. ते तिने मरेपर्यंत केलं. कुठलं चित्र विकायचं, कुठलं नुसतं प्रदर्शनाला द्यायचं, कुठलं घरातून बाहेर जाऊच द्यायचं नाही, हे तिने फार विचारपूर्वक ठरवलं. १९०५ ला ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये ४८० च्या वर चित्रं-रेखाटनं एकत्र लावून दाखवली. याला नुसतं इमोशनल होणं कसं म्हणणार, दादा?

आणि तुम्ही स्टोरीचं म्हणालात ना, तर त्यावर तिने जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली पत्रं तिच्याकडे होती, कितीतरी पत्रांवर तारीखच नाही, ती बसून क्रमाने लावली. ती पत्रं तिने आधीच छापली असती तर खळबळ उडाली असती, स्वतःचा कान कापणं, वेड, गरिबी, सगळा मसाला त्यात होता. पण तिने १९१४ पर्यंत थांबवलं. का, तर ज्या कामासाठी माणसाने आयुष्य दिलं त्या कामाला मान मिळायच्या आधी त्याच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल कुतूहल वाढवणं हा त्याच्यावर अन्याय होईल, असं तिनेच प्रस्तावनेत सांगितलंय. म्हणजे आधी चित्र आणि मग माणूस, हा क्रम त्याच्या पहिल्या चाहतीनेच घालून दिलाय.

तोच क्रम मी पण पाळते. आधी चित्रात बायकांना काय दिसतं ते.

त्याच काळातल्या बाकी चित्रांमधल्या बायका आठवून बघा, आंघोळ करतायत, आरशात बघतायत, पलंगावर पसरल्यात, नाचतायत. व्हिन्सेंटनेही थोडी न्यूड्स, म्हणजे नग्नचित्रं, केली पण त्याच्या बायका बहुतेक वेळा कामात असतात. बटाटे सोलतायत, शिवतायत, शेतात वाकून खणतायत, पेंढ्या बांधतायत, द्राक्षं तोडतायत. आणि त्या "बघा मी किती कष्टाळू" असा चेहरा करून समोर बघत नाहीत, आपल्या कामात असतात. १८८५ चं बटाटे खाणाऱ्यांचं चित्र घ्या, त्यात बायकांची बोटं गाठी आलेली, जाड आहेत, त्याने पत्रात लिहिलंय की ज्या हातांनी ते ताटातलं उचलतायत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय हे मला दाखवायचं होतं. माझी आजी उन्हाळ-पावसाळा शेतात राबली, तिच्या हातांचा फोटो काढावा असं आमच्या घरात कधी कुणाला सुचलं नाही. ते हात चित्राचा विषय होऊ शकतात हे मला एका परक्या देशातल्या पुरुषाच्या चित्रातून कळलं, आणि असं कळणाऱ्या माझ्यासारख्या खूप जणी आहेत.

एक चित्र जरा जवळून बघू. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात व्हिन्सेंटचा पोस्टात काम करणारा रूलँ नावाचा मित्र होता, त्याची बायको ऑगस्टिन. तिचं हे चित्र त्याने १८८८ च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत एकूण पाच वेळा केलं. हिरवा घागरा, खाली लाल जमीन, मागे मोठ्ठाल्या फुलांचा वॉलपेपर, आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घेऊन बसलेली बाई. हातात एक दोरी आहे. ती दोरी पाळण्याची, पण पाळणा चित्रात नाहीच, बाळ पण नाही. आपल्याकडे जिच्या हाती पाळण्याची दोरी म्हणून बाईला एकदम जगाचा उद्धार करायला लावतात, इथे नुसती दमलेली बाई आहे, नजर कुठेतरी हरवलेली, हात मात्र दोरीवरून सुटलेला नाही. बाळ दाखवलं असतं तर आपण सगळे बाळाकडेच बघत बसलो असतो, आई मागे गेली असती. तान्हं मूल झोपवता झोपवता अर्धवट झोपेत बसलेल्या कुठल्याही बाईला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या डोक्यात होतं की हे चित्र समुद्रावर गेलेल्या खलाशांच्या केबिनमध्ये लागावं, बोट हलली की त्यांना आपण पाळण्यात झोके घेतोय असं वाटावं. पाचातलं एक त्याने ऑगस्टिनला निवडून घ्यायला सांगितलं आणि मग लिहिलं की तिची नजर पक्की, सगळ्यात चांगलं होतं तेच तिने उचललं. पोस्टात काम करणाऱ्याच्या बायकोला चित्रातलं कळतं हे इतक्या सहज मान्य करणारा चित्रकार मला तरी आवडणारच.

आता माणूस. जिवंत असताना तो मोहक वगैरे अजिबात नव्हता. हट्टी, भांडखोर, कपड्यांचं भान नाही, सोबत राहायला अवघड. आज बायकांना जो व्हिन्सेंट आवडतो तो पत्रांतला आहे. त्याने लिहिलेली सुमारे ८२० पत्रं आज शिल्लक आहेत, त्यात तो काय काय सांगतो, रंग किती लागले, पैसे कसे संपले, पाव आणि कॉफीवर किती दिवस काढले, मला भीती वाटते, मला एकटं वाटतं, खर्चाला पैसे पाठवणाऱ्या थिओला तुझ्यावर भार होतोय याची लाज वाटते, आणि त्याच पानावर, आज सायप्रस नावाचं ते उंच झाड कसं दिसलं. आपल्या घरांमध्ये बघा ना, वडील, नवरा, भाऊ आतून तुटतात तरी "काही नाही, ठीक आहे" यापलीकडे शब्द निघत नाही, बायका आयुष्यभर त्या "ठीक आहे"चा अर्थ लावत बसतात. आणि इथे एक पुरुष स्वतःहून सगळं बोलून दाखवतोय, दाखवून समोरच्याला कोंडीत न पकडता परत झाडाबद्दल, पुस्तकाबद्दल बोलतोय. हे आवडणं भाबडेपणाचं आहे असं मला वाटत नाही.

यो त्याला पहिल्यांदा भेटली मे १८९० मध्ये, मनोरुग्णालयातून तीन दिवस पॅरिसला आला तेव्हा. तिला वाटलेलं आजारी माणूस येईल, तर दारात रुंद खांद्यांचा, चांगला रंग असलेला, थिओपेक्षा तब्येतीने धडधाकट माणूस. थिओने त्याला बाळाच्या पाळण्याशी नेलं, दोघे भाऊ काही न बोलता झोपलेल्या बाळाकडे बघत राहिले, दोघांच्या डोळ्यात पाणी. मग व्हिन्सेंटने हसून पाळण्यावरच्या क्रोशाच्या साध्या पांघरुणाकडे बोट दाखवलं आणि यो ला म्हणाला, छोट्या ताई, याला फार लेस-बिसमध्ये गुंडाळू नकोस. हे यो ने स्वतः लिहून ठेवलंय. एवढ्या तीन दिवसांच्या आणि नंतरच्या दोनेक भेटींच्या ओळखीवर ती बाई त्याच्यासाठी पुढची पस्तीस वर्षं उभी राहिली.

म्हणून म्हणते दादा, मुलीशी वाद घालू नका, तिला विचारा की ताऱ्यांच्या चित्रात तिला नेमकं काय दिसतं. आणि ते पान फ्रिजवर नको, तेलकट होईल, फ्रेम करून घ्या.

प्रश्न : ताई, त्याने प्रेमात कान कापून मुलीला दिला हे खरंय ना? मला ते वाचून रडू आलं, असं प्रेम आता कोण करतं? मी एकवीस वर्षांची आहे. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बाळा, तुला रडू आलं ते चांगलंच आहे पण ते प्रेमासाठी नको. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री आर्लमध्ये, सोबत राहणाऱ्या गोगँ या चित्रकाराशी जोरात बिनसल्यावर, व्हिन्सेंट आजाराच्या झटक्यात होता, त्याने स्वतःचा कान कापला आणि तो कागदात गुंडाळून वेश्यावस्तीतल्या एका तरुण मुलीच्या हातात दिला. ती बेशुद्ध पडली म्हणतात. तिच्या बाजूने विचार कर, तिने काही मागितलेलं नव्हतं. ही प्रेमकथा नाहीये, एका माणसाचा फार मोठा मानसिक आजार आहे आणि त्यात सापडलेली एक घाबरलेली मुलगी आहे.

त्याचं कौतुक करणाऱ्या बायकांनीच हे नीट बोललं पाहिजे असं मला वाटतं. १८८१ ला तो आपल्या के नावाच्या विधवा मावसबहिणीच्या प्रेमात पडला, तिने स्पष्ट सांगितलं, नाही, कधीच नाही. तरी हा तिच्या आईवडिलांच्या घरी ॲम्स्टरडॅमला जाऊन दिव्याच्या ज्योतीवर हात धरून उभा राहिला, हात ज्योतीत ठेवू शकेन तेवढा वेळ तरी तिला भेटू द्या म्हणाला. तिच्या घरच्यांनी भेटू दिलं नाही आणि त्यांनी बरोबर केलं. आज कुणी तुझ्या दारात येऊन असं काही केलं तर ते प्रेम समजू नकोस, घरातल्या मोठ्यांना हाक मार.

पुढच्या वर्षी हेगमध्ये त्याला सीन भेटली, शिवणकाम आणि वेश्याव्यवसाय करून पोट भरणारी, एक मुलगी पदरात आणि पोटात दुसरं मूल. त्याने तिला घरात घेतलं, सगळं घराणं विरोधात गेलं तरी. तिचं "दुःख" नावाचं रेखाटन आहे, गुडघ्यांवर हात, हातांत डोकं, ओघळलेले स्तन, पुढे आलेलं पोट, चेहरा दिसतच नाही. खाली त्याने फ्रेंचमध्ये एक ओळ लिहिली, पृथ्वीवर एक बाई अशी एकटी, टाकून दिलेली कशी काय असू शकते, अशा अर्थाची. चित्र बघून मला आजही गलबलून येतं. आणि सप्टेंबर १८८३ मध्ये तिला, तिच्या मुलांना सोडून तो निघून गेला हेही तेवढंच खरं आहे. पैसे नव्हते, घरचे दडपण आणत होते, त्यांचं आपसात जमतही नव्हतं, पण शेवटी ती परत एकटीच राहिली. त्याची चित्रं आवडण्यासाठी हे झाकायची गरज नाही. आवडत्या माणसाचं सगळं माहीत असूनही तो आवडू शकतो, फक्त त्याच्या आजाराची आणि हट्टाची आरती करू नये एवढंच.

प्रश्न : जिवंतपणी त्याचं एकच चित्र विकलं गेलं म्हणतात, ते कुणी घेतलं? — एक वाचक, मडगाव

उत्तर : एका बाईने! ॲना बॉक, बेल्जियमची, स्वतः उत्तम चित्रकार. १८९० ला ब्रसेल्सच्या प्रदर्शनात तिने "लाल द्राक्षमळा" हे चित्र ४०० फ्रँकला घेतलं. त्या चित्रात द्राक्षं तोडणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात वाकलेल्या. तिचा भाऊ व्हिन्सेंटचा मित्र होता पण तिने ओळखीखातर घेतलं असं मला वाटत नाही, रंगात काम करणाऱ्या बाईला ते लाल-पिवळं बघून काय झालं असेल ते चित्र बघितलं की कळतं. सध्या ते मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममध्ये आहे. "एकच" हे मात्र अगदी काटेकोर नाही, त्याआधी हेगमध्ये त्याच्या एका काकाने पैसे देऊन शहराची रेखाटनं करून घेतली होती.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावीनंतर आर्टला जायचं म्हणतेय, दिवसभर व्हॅन गॉग बघत असते. यातून काही शिकायला मिळेल का तिला, की नुसतंच वेड? आणि खरी चित्रं कुठे बघायला मिळतात? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मावशी, खूप मिळेल. तिला आधी हे सांगा की या माणसाने चित्रकलेला लागायचं ठरवलं ते सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, आणि नंतर जेमतेम दहा वर्षांत ८५० हून जास्त तैलचित्रं केली. झटका आला की काढत सुटायचा असं लोकांना वाटतं पण तसं नव्हतं, सुरुवातीची दोन-तीन वर्षं तो मुख्यतः रेखाटनंच घोटत होता, तेच हात, त्याच पाठी, तेच बसलेले लोक परत परत. आजार जोरात असायचा तेव्हा त्याला बऱ्याचदा काम करताच यायचं नाही, चित्रं झाली ती शुद्धीत आणि मेहनतीने झाली. आर्टला जाणाऱ्या मुलीने हे डोक्यात पक्कं ठेवायला हवं.

पत्रं वाचायला लावा. ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमने सगळी पत्रं इंग्रजी भाषांतरासकट इंटरनेटवर फुकट ठेवलीयेत, पत्रांतल्या छोट्या छोट्या रेखाटनांसकट. सुरुवात थिओला लिहिलेल्या पत्रांनी नको, ती खूप आहेत आणि पैशाच्या विवंचनेने भरलेली आहेत, मुलगी कंटाळेल. सगळ्यात धाकटी बहीण विल हिला लिहिलेली आधी वाचू दे. ही विल पुढे १८९८ ला हेगमध्ये बायकांच्या श्रमांवर मोठं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं त्याच्या कामात होती. तिच्याशी तो पुस्तकांबद्दल बोलतो, रंगांबद्दल बोलतो, रात्र ही दिवसापेक्षा जास्त रंगीत असते, जांभळी, निळी, हिरवी, नीट बघ, असं सांगतो. बहिणीला उपदेश करतो तेव्हाही जरा हस, मजा कर, नुसती अभ्यास करत बसू नकोस असं म्हणतो. एकोणिसाव्या शतकातला पाद्र्याचा मुलगा बहिणीला हे लिहितोय!

खरी चित्रं सगळ्यात जास्त ॲम्स्टरडॅमला, ते म्युझियम १९७३ ला सुरू झालं, यो ने जपलेलं आणि तिच्या मुलाने पुढे सांभाळलेलं सगळं तिथे आहे. त्याच देशात ओटर्लोला जंगलात दुसरं म्युझियम आहे, क्रोलर-म्युलर, तेही एका बाईनेच उभं केलेलं. हेलेन क्रोलर-म्युलर, जहाजवाल्या श्रीमंत व्यापाऱ्याची बायको, चाळिशीच्या आसपास चित्रं समजून घ्यायला शिकवणी लावली आणि मग व्हिन्सेंटची जवळजवळ ९० चित्रं आणि १८० च्या वर रेखाटनं जमवली. १९३८ ला लोकांसाठी म्युझियम उघडलं. पाळण्याच्या दोरीवाल्या ऑगस्टिनचं एक चित्रही तिथेच आहे. ताऱ्यांची रात्र मात्र न्यूयॉर्कला.

एवढ्या लांब लगेच जाणं कुणाला जमतंय, तर तोपर्यंत मोबाईलवर चित्र शक्य तितकं मोठं करून बघायला सांगा, कारण त्याचा रंग जाड लागलेला असतो, ब्रशचा एकेक फटका दिसतो, कुठून कुठे ओढलाय ते कळतं. मग त्यातला एक चौकोन वहीत तसाच उतरवायचा, नुसत्या पेन्सिलीने, फटक्यांची दिशा तेवढी. आमच्या क्लासमध्ये मुलींना मी पहिल्या महिन्यात हेच करायला लावते आणि रंग नंतर देते.